मोरव्याच्या पुष्पाताई

"रडलात का हो वहिनी, सासू गेली तेव्हा?"

पुष्पाताई म्हात्रे आमच्या घरात आल्या, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. आई बाथरूममधून निघून भिंतीला हात लावत हॉलकडे येत होती. प्रश्न कानावर पडला तशी ती जागच्या जागी थांबली. डावा पाय अर्धवट उचललेला तसाच राहिला आणि ती एका बाजूला कलली. मी ओरडून उठेपर्यंत पुष्पाताईंनी तिला कमरेत धरलंसुद्धा होतं. आईला खुर्चीत बसवून त्या माझ्याकडे वळल्या. "बघितलं ना बाय? पाय बरा हाय हिचा."

चार महिन्यांपूर्वी जिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, त्या बाईला घरात पाऊल टाकताच असला प्रश्न? तोही माझ्या आजीवरून, जिच्याशी आईचं पंचवीस वर्षं पटलं नव्हतं? बाईला आल्या पावली परत पाठवायचं असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण आईकडे पाहिलं तर तिचे डोळे चमकत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणीतरी भांडण्याजोगा प्रश्न विचारला होता.

"नाही रडले," आई म्हणाली. "आणि कशाला रडू?"

"हेच चालता चालता सांगा उद्या," पुष्पाताई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. परळची चाळीतली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अलीकडे एका सोसायटीत वन रूम किचन घेतलं, त्याला आठ वर्षं झाली होती. बाबा जाऊन पाच. घरात आई आणि मी, दोघीच. मी फोर्टमध्ये एका विमा कचेरीत नोकरीला. आईला लकवा झाला तो डाव्या बाजूला. बोलणं शाबूत राहिलं हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात शिकवलेले पायाचे व्यायाम ती देवपूजेसारखे नेमाने करायची. काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागली होती. पण दोनदा पडली. एकदा फोन वाजला म्हणून, आणि एकदा शेजारच्या हंसाबेननी दारातून "मासी, केम छो?" असं विचारलं म्हणून.

तेव्हापासून मी घर गप्प करून टाकलं. दारावरची बेल काढून ठेवली. आई उभी असेल तेव्हा टीव्ही बंद, फोनचा रिसीव्हर खाली. कामवालीलाही सांगून ठेवलं की मावशी चालत असल्या की भांडी वाजवू नकोस. आमचं घर मयताच्या घरासारखं झालं होतं आणि मी त्याला काळजी म्हणत होते.

पुष्पाताईंना हंसाबेननीच आणलं. त्यांच्या मीरा रोडच्या नणंदेची सासू यांच्या हातून बरी झाली होती. "बहोत अच्छी फिजियो है," हंसाबेन म्हणाल्या, "बम्बई के बड़े अस्पताल में थी." मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी आधी बेल परत लावायला सांगितली. "गप्प घरात शिकेल तर गप्प घरातच चालेल. आणि भाईंदरमध्ये गप्प कोण बसतं, बाय? टँकरवाला बसतो? भंगारवाला बसतो? रस्ता काय वहिनींसाठी तोंडाला कुलूप लावणार हाय?"

मग त्यांनी मला समजावलं, भाजी निवडत सांगावं इतक्या सहज. निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. पाय आपले चालत राहतात आणि डोकं दुसरीकडे मोकळं असतं. आईचं तसं राहिलं नव्हतं. एकेक पाऊल ती डोक्याने टाकत होती. कुणी काही विचारलं की डोकं तिकडे जायचं आणि पाय पोरका व्हायचा. "म्हणून दोन्ही कामं एकदम करायची सवय लावायची. पहिली उभ्यानं. मग चालून. मग रस्त्यावर."

पुष्पाताई पन्नाशीच्या होत्या. भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावातल्या, आगरी घरातल्या. अंगाने आडव्या आणि पावलं भराभर टाकणाऱ्या. पश्चिमेहून पूल ओलांडून यायच्या, तरी घड्याळाच्या ठोक्याला हजर. उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. पिशवीत खडू, जुन्या सुती साडीची वेणीसारखी घट्ट वळलेली पट्टी आणि पोचे आलेली एक स्टीलची ताटली. पट्टी आईच्या कमरेला बांधायची, मागून मूठ घालून धरायची. खडूने फरशीवर रेघ ओढायची. ताटली कशाला, ते मला आठ दिवसांनी कळलं.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात झाली. दोन्ही बाजूंना भिंत, पुढे खुर्ची, पायाखाली चौघडी केलेली गोधडी, पावलं जुळवलेली. आई डुलायची. पुष्पाताई मागून म्हणायच्या, "शंभरातून तीन गेले?" सत्त्याण्णव. "त्यातून तीन?" आई चौथी शिकलेली. ती वैतागली. "मी काय परीक्षेला बसलेय?" पुष्पाताईंनी आकडे सोडून दिले. "बरं, गोडा मसाला सांगा. काय काय, आणि आधी काय भाजायचं." आईने सांगितलं. "आता उलटं सांगा. शेवटापासून." आई खडा मसाला उलटा मोजू लागली आणि चार मिनिटं भिंतीला हात न लावता गोधडीवर उभी राहिली. दगडफुलापाशी अडली. तिथे तिचा तोलही गेला. पुष्पाताईंची मूठ पट्टीत होतीच.

मग खडूच्या रेघेवरून चालणं आणि चालताना परळच्या चाळीतली बिऱ्हाडं सांगणं. पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या खोलीपासून बाविसाव्यापर्यंत. ते जमायला लागलं तशा पुष्पाताई म्हणाल्या, "आता मेलेली माणसं सोडून सांगा."

मी किचनमधून बाहेर आले. "अहो, काय विचारता हे?"

"तुम्ही आत जा बाय," त्या म्हणाल्या. आणि माझी आई, पाण्याने भरलेला पेला उजव्या हातात धरून, रेघेवर पाऊल टाकत सांगू लागली. तीन नंबरात माई आहे, माईचे यजमान गेले. चारात कुणी नाही. पाचात... पाचाला ती थांबली. पाणी सांडलं. पाचातली शांता तिची मैत्रीण. पुष्पाताई मागून म्हणाल्या, "तिला घ्या यादीत. चला." आई चालली.

आणि ती ताटली. आई असं काही तरी सांगत निम्म्या वाटेवर आली की मागून ताटली खणकन फरशीवर पडायची. पहिल्या वेळी मी किंचाळले, आई हातभर कलंडली आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले. पुष्पाताईंनी त्यांना दारातच सांगितलं, "दादा, अजून पंधरा दिवस पडणार हाय ताटली. कापूस घाला कानात." विसाव्या की बाविसाव्या दिवशी ताटली पडली आणि आईने वळूनही पाहिलं नाही. ती शेजारणीच्या जावयाबद्दल काही सांगत होती. ते तिने पुरं केलं.

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले, तर दाराला कुलूप. आई चार महिने आणि वर दीड, घराबाहेर पडली नव्हती. मी हंसाबेनचं दार वाजवलं. हंसाबेन म्हणाल्या, "वो तो मार्केट गई, डॉक्टर के साथ."

गोडदेव नाक्याच्या बाजारापर्यंत मी अक्षरशः पळत गेले. मासळीवाल्यांच्या रांगेत, ओल्या फरशीवर, खवल्यांच्या चिखलात माझी आई उभी होती. एका हातात काठी. कोळणीशी हुज्जत चालली होती. मागे पुष्पाताई, मूठ पट्टीत, नजर आईच्या पावलांवर. बाजूने हातगाडी गेली, एक रिक्षा हॉर्न मारत घुसली. आई म्हणत होती, "ह्याला हलवा म्हणतेस? डोळे बघ त्याचे. परवाचा आहे."

मी पुष्पाताईंवर तुटून पडले. भर बाजारात. काय वाट्टेल ते बोलले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. उत्तर दिलं आईने.

"सुनी, तोंड सांभाळ! मीच म्हटलं बाजारात ने म्हणून. पाच महिने त्या चार भिंती बघतेय मी. तू सकाळी जातेस ती संध्याकाळी उगवतेस, आणि आल्यावर मला विचारतेस काय, तर गोळी घेतली का. मी माणूस आहे की औषधाचं कपाट?" ती बोलतच राहिली. मी उलट बोलले. ती आणखी चिडली. बाबांच्या वेळच्या गोष्टी निघाल्या, माझं न झालेलं लग्न निघालं. सोसायटीच्या गेटपाशी आल्यावर पुष्पाताईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि पट्टीचं सुटं टोक मला दाखवलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलपासून त्यांनी मूठ नुसती जवळ धरली होती, पट्टी सैल सोडली होती. आई रस्त्यावरून, गर्दीतून, माझ्याशी भांडत, एकदाही न थांबता चालत आली होती.

गेटपाशीच मी मटकन खाली बसले. रडू आवरेना. आई म्हणाली, "आता हिला काय झालं?"

मग मी जे केलं ते कुणीही केलं असतं. ज्याला त्याला सांगत सुटले. बी विंगमधल्या दळवीकाकांना त्याच पावसाळ्यात झटका आला होता. गिरणीत हेडक्लार्क होते. करारी माणूस. त्यांचा मुलगा संजय माझ्याकडे विचारायला आला, तेव्हा मी त्याला चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, पुष्पा म्हात्रे, फिजिओथेरपिस्ट. संजयने विचारलं, "डिग्री वगैरे आहे ना?" मी म्हटलं, "अरे, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होत्या."

दळवीकाकांची आणि पुष्पाताईंची जोडी जमली. काकांना पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव-अर्ध्या-पाऊणचे जुने पाढे, तोंडपाठ. ते पाऊणकी म्हणत कंपाउंडमध्ये फेऱ्या घालायचे आणि पुष्पाताई मध्येच विचारायच्या, "काका, आज वार कोणता? काल जेवायला काय होतं?" काका वाराचं सांगून पाऊणकी जिथे सोडली तिथून उचलायचे. संध्याकाळी पोरं खेळ थांबवून बघत बसायची. गॅलऱ्यांत बायका उभ्या राहायच्या. पुष्पाताईंना ते आवडायचं, हे मी पाहिलं होतं. चेहऱ्यावर एक चमक यायची.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. काका तेराची पाऊणकी म्हणत येत होते, ताठ, काठीशिवाय. कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. आणि मी स्वच्छ पाहिलं, पुष्पाताईंनी काकांच्या कमरेच्या पट्टीतली मूठ उघडली. दोन पावलं मागे सरल्या, हात कमरेवर ठेवून, जसं काही सगळ्यांना म्हणत होत्या, बघा. त्याच वेळी पाण्याचा टँकर मागे घेत ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. काका वळले. पाय वळले नाहीत.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माणूस पडल्याचा आवाज इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं. संजयने हॉस्पिटलात चौकशी केली तेव्हा बाहेर आलं ते असं, की पुष्पा म्हात्रे नावाची फिजिओथेरपिस्ट कुठेच नव्हती. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या विभागात त्या आया होत्या. बावीस वर्षं. पेशंटना धरायचं, फरशी पुसायची, चादरी बदलायच्या. डॉक्टर काय करतात, पेशंटला काय विचारतात, ते बघत बावीस वर्षं उभ्या राहिल्या होत्या.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. पुष्पाताईंना बोलावलं होतं. त्या आल्या, हे पाहूनच मला धक्का बसला. संजय ओरडला, "डिग्री दाखव. दाखव डिग्री!"

"न्हाय डिग्री," त्या म्हणाल्या. "सातवी झालीय माझी."

"मग डॉक्टर म्हणून घरात कशी घुसलीस?"

"मी डॉक्टर हाय असं मी कोणाला बोलली न्हाय."

"आम्हाला सांगितलं होतं! लिहून दिलं होतं!" संजयने खिशातून चिठ्ठी काढली. "तू फिजिओ आहेस असं कोणी सांगितलं? तू सांगितलंस ना?"

चिठ्ठी टेबलावर पडली. माझं अक्षर पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं. मी दाराजवळ उभी होते. संजयला माहीत होतं चिठ्ठी कुणाची, पण रागाच्या भरात तो पुष्पाताईंकडेच बघत होता. मला वाटलं होतं की मी बोलेन. बोलायचं ठरवूनच आले होते. पुष्पाताईंची नजर खोलीभर फिरली, माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"चुकी माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी पट्टा सोडला. अजून महिनाभर सोडायचा नव्हता. मला माहीत होतं आणि मी सोडला."

कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. दळवीकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला." पुष्पाताईंनी दोन्ही हात जोडले, वाकून काकूंच्या पायाला लावले आणि निघून गेल्या. मी शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती तांदूळ निवडत होती.

"आया होती ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी सांगितलंन तिने."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तिला बंद केलं असतंस." मग जरा थांबून विचारलं, "तू तिथे काय बोललीस?"

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. आईने ताट बाजूला सारलं, उठली आणि किचनमध्ये गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे आईसाठी मी एक शिकलेली फिजिओथेरपिस्ट लावली. तरुण मुलगी, हुशार. तिने आईला तपासलं, चालायला लावलं, चालताना प्रश्न विचारले. मी चकित होऊन बघत राहिले. "हे आमच्याकडेही करतात," ती म्हणाली, "तोल सांभाळत डोक्यालाही काम द्यायचं. तुमच्या बाईंनी चांगलं करून घेतलंय. पण कुणाला कधी मोकळं सोडायचं, ते मोजून ठरवावं लागतं, अंदाजाने नाही." ती आमच्याकडे तीन महिने आली. आई काठी टाकून गोडदेवच्या बाजारात एकटी जाऊ लागली.

दळवीकाका मात्र अंथरुणातून उठले नाहीत. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

त्यानंतर वर्षभराने असेल. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना भेटायला मी काशीगावजवळ हायवेवरच्या एका खासगी हॉस्पिटलात गेले होते. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभी असताना कॉरिडॉरमध्ये एक म्हातारी बाई वॉकर धरून चालताना दिसली. पुढे एक तरुण डॉक्टर. मागे निळ्या साडीतली आया, बाईंच्या कमरेच्या पट्ट्यात मूठ घालून. घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

मी बघत राहिले. म्हातारीचं प्रत्येक पाऊल जड पडत होतं. डॉक्टर मोबाइलवर बोलत होता. पुष्पाताई काही बोलत नव्हत्या. एक प्रश्न नाही, एक शब्द नाही. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. चाकाच्या खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी बाईंना बसवलं, पाय उचलून फूटरेस्टवर ठेवले, पदर सारखा केला आणि खुर्ची लिफ्टकडे आणली. मग मी दिसले.

"बाय," त्या म्हणाल्या. "वहिनी कशी हाय?"

"बरी आहे." मी म्हटलं. "पुष्पाताई, त्या दिवशी चिठ्ठी माझी होती. मी बोलायला हवं होतं."

"तुमची चिठ्ठी होती, बाय. हात माझा होता."

लिफ्ट आली. त्यांनी खुर्ची उलटी फिरवून मागे मागे आत घेतली, म्हणजे म्हातारीचं तोंड बाहेरच्या बाजूला राहील. मी आत शिरले नाही, का ते मलाही माहीत नाही. दरवाजा धरून उभी राहिले.

"काकांच्या तेराव्याला आलती मी," त्या म्हणाल्या. "वर न्हाय आली. खाली जिन्याच्या मागे उभी होती, पंगत उठेपर्यंत."

त्या दिवशी जिन्यावरून मी चारदा वरखाली केलं होतं. पाण्याचे जग घेऊन, पत्रावळी घेऊन. जिन्याच्या मागे मीटरच्या पेट्यांपाशी अंधार असतो, तिथे बघायचं कारण नव्हतं. त्यांनी वाकून म्हातारीच्या पायावरची चादर नीट केली. मी दरवाजावरचा हात काढला.